पिस्तुलाच्या पेटीवरचा कर

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे जुहूतल्या एका घरात गोळी सुटली. अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवाना असलेले रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले आणि गोळी पायात शिरली, असे त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितले. शस्त्रक्रिया झाली, गोळी निघाली, ४ ऑक्टोबरला ते घरीही आले. चार दिवस वृत्तवाहिन्यांना विषय पुरला. मात्र त्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. घरात ठेवलेले शस्त्र ठेवायचे कशात, आणि ते ठेवण्याच्या साधनाबद्दल सरकारचे धोरण काय?

त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकऱ्याने नंतर स्वतःलाही संपवले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार वापरलेले पिस्तूल परवान्याचे होते, पण परवाना मारेकऱ्याच्या नावावर नव्हता. तो त्याच्या अंगरक्षकाचा होता आणि उत्तर प्रदेशातून मिळालेला होता. अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटक झाली. जुहूतला प्रसंग अपघाताचा आणि बोरिवलीतला हत्येचा. दोन्हीकडे शस्त्र कायदेशीर होते, आणि गोळी सुटली त्या क्षणी ते कुलपाआड नव्हते.

जगात काही सरकारांनी या दुखण्यावर करातून औषध शोधले आहे. बंदूक ठेवायची तिजोरी, चापाला लावायचे कुलूप अशा वस्तूंवरचा विक्रीकर ती माफ करतात. पेटी स्वस्त झाली तर लोक ती घेतील आणि बंदूक पोरांच्या, चोरांच्या, रागावलेल्या माणसांच्या हाती लागणार नाही, असा त्यामागचा विचार. मुंबईच्या उपनगरांत हे औषध लागू पडेल का, ते या प्रकरणात पाहू. त्यासाठी आधी कायदा, मग कर आणि शेवटी थोडी आकडेमोड.

कायदा काय मागतो

भारतात शस्त्र बाळगणे हा हक्क नाही, ती परवानगी आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांच्या चौकटीत ती मिळते. मुंबईत ती देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतील असे ठरवले आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. २०१६ च्या नियमांनी शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण आणि ते सुरक्षित ठेवण्याची हमी या गोष्टी परवान्याशी जोडल्या.

हमी मोडली तर काय? परवान्याच्या अटींचा भंग केल्यास कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सव्वा लाखाचे शस्त्र आणि दोन हजारांचा दंड, हा तोल वाचकाने मनात ठेवावा. सव्वा लाख हा आकडा उगाच घेतलेला नाही. २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमत सुमारे १ लाख २२ हजार होती.

घरात शस्त्र ठेवायचे नसेल तर कायद्यात आणखी एक वाट आहे. परवानाधारी शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ते जमा करता येते. परवान्याची मुदत संपली किंवा परवाना रद्द झाला, तर ते जमा करावेच लागते. निवडणूक जाहीर झाली की पोलिसांकडून शस्त्र जमा करण्याच्या नोटिसा निघतात, हा अनुभव उपनगरांतल्या परवानाधारकांना ठाऊक आहे. म्हणजे शस्त्र कुठे आणि कसे राहील हे सांगण्याचा हात सरकारकडे आधीच आहे. अमेरिकेत नेमका हाच हात आखूड आहे, आणि म्हणून तिथे करसवलतीचा रस्ता निघाला.

सिअॅटलची पावती

अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला अधिकार मानला जातो. तीनांतला जवळजवळ एक प्रौढ माणूस आपल्याकडे बंदूक असल्याचे सांगतो. अशा ठिकाणी ‘बंदूक कुलपात ठेवाच’ असा हुकूम काढणे राजकीयदृष्ट्या अवघड. मग हुकमाऐवजी आमिष. वॉशिंग्टन राज्याने १९९८ मध्येच बंदुकीच्या तिजोऱ्यांवरचा विक्रीकर माफ केला. टेनेसीने १ जुलै २०२१ ते ३० जून २०२२ असे वर्षभर तिजोऱ्या आणि सुरक्षा-साधने करमुक्त विकू दिली. मिशिगनने २०२४ मध्ये मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून कुलपाची सक्ती केली आणि जोडीला त्या वर्षाअखेरपर्यंत सुरक्षा-साधनांना करमाफीही दिली. व्हर्जिनियाने वेगळी युक्ती काढली. साधन विकत घेणाऱ्याला २०२३ पासून आयकरात ३०० डॉलरपर्यंत सूट दिली.

सिअॅटल, रेडमंड, बेलव्ह्यू या पट्ट्यात सॉफ्टवेअर क्षेत्रातली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. त्यांना दुकानाच्या पावतीवर विक्रीकराची ओळ रोज दिसते. राज्याचा ६.५ टक्के आणि त्यावर स्थानिक भर, सिअॅटलमध्ये मिळून दहा टक्क्यांच्या वर. हजार डॉलरची तिजोरी घेतली की शंभराहून अधिक डॉलर वाचतात. शिवाय याच शहराने २०१६ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीवर २५ डॉलरचा आणि गोळ्यांवर नगाप्रमाणे काही सेंटचा वेगळा कर बसवला आहे. बंदूक महाग करायची, पेटी स्वस्त करायची, असे दोन्ही बाजूंनी.

अमेरिकी विक्रीकराचे एक वैशिष्ट्य इथे लक्षात घ्यायला हवे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. तो कर मुख्यतः शेवटच्या विक्रीवर, म्हणजे ग्राहकाच्या पावतीवर लागतो. कारखान्याने घाऊक व्यापाऱ्याला माल विकला, व्यापाऱ्याने दुकानदाराला, तेव्हा पुनर्विक्रीच्या मालावर तो लागत नाही. त्यामुळे शेवटच्या पावतीवरची ओळ पुसली की कर जवळपास पूर्णपणे जातो. आपल्याकडचा कर असा एका जागी बसलेला नाही.

मुलुंड नाक्यापासून परिषदेपर्यंत

मुंबई प्रांतात सर्वसाधारण विक्रीकर आला तो १ ऑक्टोबर १९४६ पासून. पुढे १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा आला. त्यात कोणती वस्तू करमुक्त ठेवायची हे ठरवण्याचा अधिकार राज्याचा होता. १ एप्रिल २००५ ला मूल्यवर्धित कर, म्हणजे ‘व्हॅट’ लागू झाला, तेव्हाही करमुक्त वस्तूंची यादी राज्यच करी. घाटकोपरच्या एखाद्या व्यापारी संघटनेला तिजोरीवरचा कर कमी करून हवा असता, तर तिने मंत्रालयात खेटे घातले असते आणि निर्णय तिथेच झाला असता.

त्यावर मुंबईत आणखी एक थर होता, जकातीचा. मुलुंड, दहिसर, मानखुर्द, ऐरोली इथल्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत. शहराच्या हद्दीत येणारा पत्रा, कुलूप, तयार तिजोरी, सगळ्याला जकात. ती महापालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार होती.

१ जुलै २०१७ ला हे चित्र बदलले. वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, नाके ओस पडले. दर ठरवणे जीएसटी परिषदेच्या हाती गेले. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश. ठराव व्हायला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे आज महाराष्ट्राच्या विधानसभेने एकमुखाने ठरवले, तरी बोरिवलीच्या दुकानातली तिजोरी करमुक्त होणार नाही. वॉशिंग्टन किंवा टेनेसी जे एकट्याने करू शकले, ते महाराष्ट्राला २०१७ पूर्वी करता आले असते. आता त्याला देशाला पटवावे लागेल.

मग सध्याचे दर काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे टप्पे कमी झाले. मुख्य दर ५ आणि १८ टक्के, आणि चैनीच्या किंवा अपायकारक मानलेल्या वस्तूंना ४० टक्के. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल २८ टक्क्यांवरून थेट ४० वर गेले. तंबाखूजन्य पदार्थ, खासगी विमाने आणि शौकाच्या बोटी ज्या पंगतीत आहेत, त्याच पंगतीत. लोखंडी तिजोरी मात्र १८ टक्क्यांत, कुलूप १८ टक्क्यांत, पोलादी कपाटही १८ टक्क्यांत. शस्त्र महाग करण्याचा अर्धा भाग आपण केला आहे. पेटी स्वस्त करण्याचा भाग राहिला आहे असे वरवर दिसते. पण तो तसा पुरा करावा का?

माफीचा हिशेब

‘करमाफी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बिलावरचा १८ टक्क्यांचा आकडा पुसला जातो. जीएसटीत तसे होत नाही, आणि का होत नाही हे एका तिजोरीवरून समजून घेऊ.

समजा, तिजोरीची करापूर्वीची किंमत २०,००० रुपये. कारखानदाराने पत्रा, कुलूप, रंग असा १२,००० रुपयांचा कच्चा माल घेतला आणि त्यावर १८ टक्क्यांनी २,१६० रुपये कर भरला. आज तिजोरी विकताना तो ग्राहकाकडून ३,६०० रुपये कर घेतो, त्यातून आधी भरलेले २,१६० वजा करतो आणि उरलेले १,४४० सरकारला भरतो. या वजावटीला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. जुने व्यापारी अजूनही ‘सेटऑफ’च म्हणतात. ग्राहकाचे बिल २३,६०० रुपये.

आता तिजोरी करमुक्त केली असे धरू. विक्रीवर करच नाही, म्हणून कायदा वजावटही देत नाही. कारखानदाराचे २,१६० रुपये अडकले. तो ते पदरचे कशाला घालेल? किमतीत मिळवेल. ग्राहकाचे बिल २२,१६० रुपये. ३,६०० वाचतील असे वाटले होते, वाचले १,४४०.

आणि तिजोरी ५ टक्क्यांत आणली तर? ग्राहकाकडून कर १,००० रुपये. वजावट शाबूत. कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी कर असल्याने जे १,१६० रुपये शिल्लक राहतात, त्यांचा परतावा मागता येतो. ग्राहकाचे बिल २१,००० रुपये. म्हणजे ५ टक्के कर असलेली तिजोरी शून्य टक्के करवाल्या तिजोरीपेक्षा स्वस्त!

हा कागदावरचा खेळ नाही. ९ मे २०२१ ला, करोनाची दुसरी लाट जोरात असताना, लसींवरचा कर पूर्ण माफ करा या मागणीला उत्तर देताना केंद्रीय अर्थमंत्र्यांनी हेच कारण दिले होते. पूर्ण माफी दिली तर उत्पादकांची वजावट जाईल आणि ओझे ग्राहकावर येईल. लसींवरचा ५ टक्के कर कायम राहिला. सॅनिटरी पॅडचे उलट झाले. २०१७ मध्ये त्यांवर १२ टक्के कर लावला गेला, देशभर निषेध झाला आणि जुलै २०१८ मध्ये कर शून्यावर आला. तो निर्णय योग्यच होता, तरी १२ टक्के कर गेला म्हणून किंमत १२ टक्क्यांच्या हिशेबाने उतरेल ही अपेक्षा पुरी होण्यासारखी नव्हती, कारण देशी उत्पादकांची वजावटही त्याबरोबर गेली. २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा करमुक्त झाला, तेव्हा विमा कंपन्यांच्या वजावटीचा हाच प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

यात आणखी एक गोम आहे. शस्त्राच्या तिजोऱ्या फक्त घरगुती परवानाधारक घेत नाहीत. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सी, मुलुंड-घाटकोपरच्या बाजारपेठांतले सराफ हेही घेतात. हे नोंदणीकृत करदाते आहेत. आज ते २३,६०० देतात आणि ३,६०० ची वजावट घेतात, तेव्हा तिजोरी त्यांना २०,००० लाच पडते. ती करमुक्त झाली तर त्यांना २२,१६० मोजावे लागतील आणि वजावट मिळणार नाही. ज्यांच्याकडे एका जागी सर्वांत जास्त शस्त्रे असतात, त्यांचीच पेटी माफीने महाग होईल.

पेटी कोणती?

दरापलीकडची अडचण ओळखीची आहे. वॉशिंग्टनच्या कायद्याने बंदुकीच्या तिजोरीची व्याख्या केली आहे: शस्त्र ठेवण्यासाठी खास बनवलेली किंवा बदललेली, आणि कुलूप लावल्यावर अनधिकृत वापर रोखणारी बंदिस्त जागा. तिकडे उभ्या रायफली ठेवायच्या उंच पेट्यांचा स्वतंत्र बाजार आहे, म्हणून अशी व्याख्या चालते.

आपल्याकडे लोखंडी तिजोरीला वेगळाच इतिहास आहे. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपे बनवायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच तिजोऱ्या. १९४० च्या दशकात पिरोजशा गोदरेज यांनी विक्रोळीची विस्तीर्ण जमीन घेतली. घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधल्या त्याच पट्ट्यात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या तयार झाल्या. मराठी घरात ‘गोदरेजचं कपाट’ हे कुठल्याही कंपनीच्या पोलादी कपाटाचे नाव झाले. त्याच्या आतल्या लॉकरमध्ये मंगळसूत्र, खरेदीखत, मुदत ठेवीच्या पावत्या, आणि घरात असलेच तर रिव्हॉल्व्हरही. जागा एकच आणि किल्लीही एकच, बहुतेक वेळा साड्यांच्या घडीखाली ठेवलेली.

कराच्या वर्गीकरणातही दागिन्यांची तिजोरी आणि पिस्तुलाची तिजोरी एकाच शीर्षकाखाली येतात. ‘शस्त्रासाठीची’ म्हणून वेगळी सवलत दिली की उद्या बाजारातली प्रत्येक छोटी तिजोरी शस्त्रासाठीची होईल. पेटीच्या आत फोमचा एक खाचा कापला की झाले. परवाना दाखवून सवलत द्यायची म्हटली, तर दुकानदाराने परवाने तपासायचे, त्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि अधिकाऱ्याने त्या पडताळायच्या. एवढा पसारा किती जणांसाठी? केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते. त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात, महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. त्यांतही मुंबईच्या उपनगरांतले म्हणजे थोडकेच.

करसवलत हे खरे तर गर्दीसाठीचे हत्यार आहे. लाखो लोक एखादी वस्तू केवळ किमतीमुळे घेत नसतील, तर दर उतरवण्याने फरक पडतो. दुचाकीचे हेल्मेट घ्या. कायद्याने ते सक्तीचे, जून २०२१ पासून ‘आयएसआय’ शिक्क्याशिवाय विकायला बंदी, आणि जीएसटी आला तेव्हापासून त्यावर १८ टक्के. पश्चिम द्रुतगती मार्गावर रोज जाणाऱ्या मुलाला हजाराचे चांगले हेल्मेट आणि पदपथावरचे दोनशेचे टोपडे यांत निवड करायची असते. तिथे दीडशे रुपये वाचले तर निवड बदलू शकते. अग्निशामक नळकांड्यांचेही तसेच. सुरुवातीला त्यांवर २८ टक्के होते, नोव्हेंबर २०१७ मध्ये ते १८ वर आले. जुन्या इमारतींच्या सोसायट्यांना तिथे आणखी सवलत दिली तर ती वाया जाणार नाही.

पिस्तूल घेणाऱ्याचे गणित निराळे. शस्त्राची मूळ किंमत एक लाख धरली तर तो आता ४० हजार रुपये करच भरतो. काडतुसे वेगळी. एवढा खर्च पेलणारा माणूस तिजोरीवरच्या चौदाशे किंवा सव्वीसशे रुपयांसाठी अडून राहिला आहे, असे मानणे कठीण. पेटी न घेण्याचे कारण पैसा नाही. कपाट आहे, ते पुरते, आणि विचारायला कुणी येत नाही, एवढेच कारण आहे.

कर नको, तपासणी हवी

म्हणून या प्रकरणाचा निकाल असा. अमेरिकी राज्यांची करमाफी त्यांच्या परिस्थितीत समजण्यासारखी आहे. तिथे सक्ती करणे अवघड आहे, बंदुका अमाप आहेत आणि विक्रीकर शेवटच्या पावतीवरच बसतो. आपल्याकडे तिन्ही गोष्टी उलट्या आहेत. शस्त्र परवान्याने मिळते, परवानाधारक मोजके आहेत आणि जीएसटीतली माफी वजावट गिळून टाकते. करात काही करायचेच असेल, तर परिषदेने सर्वच छोट्या तिजोऱ्या ५ टक्क्यांत आणाव्यात. शस्त्राच्या तिजोरीसाठी वेगळे दार उघडू नये, आणि शून्य दराच्या घोषणेच्या मोहात तर पडूच नये.

खरे काम पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत आहे. परवान्याचे नूतनीकरण करताना शस्त्र दाखवावे लागते. त्याच वेळी ते कुठल्या पेटीत, कुठल्या भिंतीला बसवून, कुणाच्या किल्लीखाली राहते हेही पाहावे. अंगरक्षक दुसऱ्या राज्याच्या परवान्यावर इथे नोकरी करत असेल, तर कामावरून सुटल्यावर त्याचे शस्त्र मालकाच्या कपाटात जाते की त्याच्या स्वतःच्या ताब्यात राहते, याची स्थानिक पोलीस ठाण्यात नोंद हवी. आणि हमी मोडल्याबद्दलचा दोन हजारांचा दंड आजच्या पैशांत आणायला हवा. यांतल्या एकाही गोष्टीसाठी जीएसटी परिषदेची बैठक लागत नाही. पहिल्या दोन गोष्टी आयुक्तालयाच्या पातळीवर सुरू होऊ शकतात, तिसरीला संसदेची दुरुस्ती लागेल.

तुमच्या घरात परवान्याचे शस्त्र असेल, तर तोवर थांबू नका. ते रिकामे करून ठेवा, काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवा, आणि किल्ली कुठे असते हे घरातल्या दुसऱ्या कुणालाही माहीत नसू द्या. त्यासाठी लागणाऱ्या तिजोरीवर आज १८ टक्के कर आहे. तो भरा आणि तिजोरी घ्या.